अभावाचा रंग

समोर जमीन आहे, तिच्यावर घडा नाही. 'घडा नाही' हे कळले कसे? भारतीय दर्शनांच्या अभ्यासात हे उदाहरण शतकानुशतके चालत आले आहे. डोळ्यांना दिसली ती नुसती जमीन. 'नाही' ही काही दिसण्याजोगी वस्तू नव्हे. तिला रंग नाही, आकार नाही. तरीही घडा नसल्याचे कुणालाही क्षणात कळते. नैयायिक म्हणतात, हे प्रत्यक्षच आहे. जमीन पाहताना तिथला अभावही डोळ्यांनीच टिपला. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक ते मान्य करत नाहीत. न दिसणे हेच ज्ञानाचे स्वतंत्र साधन आहे असे ते म्हणतात आणि त्याला अनुपलब्धी असे नाव देतात. अद्वैत वेदान्त्यांनीही हे प्रमाण स्वीकारले.

जुलैअखेर लुधियाना जिल्ह्यातल्या भाताच्या शेतात हाच प्रश्न चिखलात उभा असतो. लावणी होऊन महिना उलटलेला, फुटवे फुटत आहेत, आणि बांधावरच्या माणसाला ठरवायचे आहे की पिकाला नत्र कमी पडते आहे का. नत्र दिसत नाही. त्याची कमतरता तर त्याहून दिसत नाही. दिसतात ती पाने: काही गर्द, काही पोपटी, काही उतरत्या उन्हात उगाच पिवळी भासणारी. या पानांवरून 'नाही' वाचायचे आणि मग युरियाच्या गोणीला हात घालायचा किंवा घालायचा नाही, एवढाच तो निर्णय. त्यावर पाणी, हवा आणि पुष्कळ लोकांचे जेवण अवलंबून आहे, म्हणून तो दर्शनाचाही विषय आहे.

नत्राची गोष्टच विरोधाभासाची आहे. हवेत 78 टक्के नत्र आहे आणि भाताचे रोप त्या हवेत उभे राहून त्याच्यासाठी उपाशी मरू शकते. हवेतल्या नत्राची जोडी इतकी घट्ट बांधलेली असते की रोपाला ती सोडवता येत नाही. फ्रिट्झ हाबरने 1909 मध्ये प्रयोगशाळेत ती सोडवून अमोनिया बनवून दाखवला, कार्ल बॉशने ती प्रक्रिया कारखान्यात उतरवली, आणि 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे उत्पादन सुरू झाले. आजच्या माणसांपैकी जवळपास निम्म्यांचे अन्न या कृत्रिम नत्रावर उभे आहे, असा अंदाज मांडला जातो. अन्नालाच प्रथम ब्रह्म म्हणून ओळखणारा तैत्तिरीय उपनिषदातला भृगू आज असता, तर त्याला या कारखान्यांचाही विचार करावा लागला असता.

पण दिलेले सगळे पिकाच्या पोटात जात नाही. विल्यम राउन आणि गॉर्डन जॉन्सन या ओक्लाहोमातल्या शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा जगभरच्या तृणधान्यांनी दिलेल्या नत्रापैकी सुमारे 33 टक्केच उचलून दाण्यात नेले होते. पाणी साचलेल्या भातात वाटा बऱ्याचदा याच्या आसपासच राहतो. बाकीचा काही अमोनिया होऊन उडतो, काही झिरपून विहिरीत नायट्रेट होऊन उतरतो, आणि थोडासा नायट्रस ऑक्साइड होऊन वर जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवणारा. भारतात पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. विहिरीतल्या पाण्याने ती ओलांडली, तर सर्वांत आधी धोका असतो तो बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला.

मग किती द्यायचे? आजवरचे सरळ उत्तर म्हणजे शब्दप्रमाण. आप्ताने सांगितले, ते मानले. पंजाब कृषी विद्यापीठाची शिफारस भाताला एकरी 90 किलो युरियाची, म्हणजे 45 किलोच्या दोन गोण्यांची, आणि तीही तीन हप्त्यांत विभागून. शिफारस प्रामाणिक आहे, वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून आलेली आहे. तिची अडचण वेगळीच. ती सरासरीविषयी बोलते, आणि कुठलेही शेत सरासरीत राहत नाही.

फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत केनेथ कॅसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात हे फार स्पष्ट दाखवले. खत न घातलेल्या तुकड्यांत पीक घेऊन माती स्वतःहून किती नत्र पुरवते ते त्यांनी मोजले, तेव्हा एकाच भागातल्या, एकाच पद्धतीने कसलेल्या शेतांमध्ये मोठी तफावत निघाली. शिवाय मातीतल्या सेंद्रिय द्रव्याच्या तपासणीवरून ती आधी ओळखता येईना. ही फार महत्त्वाची कबुली होती. माती तपासूनही माती काय देणार ते कळत नाही. मग विचारायचे कुणाला? जो जेवतो आहे त्याला. इथून पुढची सगळी साधने रोपालाच प्रश्न विचारणारी आहेत.

पहिले साधन इतके साधे आहे की ते पाहून शहरी माणूस निराश व्हावा. प्लास्टिकची एक पट्टी, तिच्यावर हिरव्या रंगाच्या चार किंवा सहा छटा, पोपटीपासून गर्दपर्यंत. कल्पना मूळ जपानची. फिलिपाइन्समधून ती आशियाभर गेली. पंजाबातली रीत अशी: लावणीनंतर चौदा दिवसांपासून, दर सात ते दहा दिवसांनी, शेतात फिरत दहा रोपे कुठूनही निवडायची. प्रत्येकाचे सर्वांत वरचे, पूर्ण उघडलेले पान न तोडता पट्टीवर टेकवायचे. दहापैकी सहा किंवा अधिक पाने चौथ्या छटेपेक्षा फिकी निघाली, तर एकरी 25 किलो युरिया. नाही तर नाही. फुलोरा सुरू झाला की खत बंद.

या रीतीतला एक नियम मात्र कुठल्याही तत्त्वज्ञाला थांबवून ठेवील. पान वाचताना ते आपल्या अंगाच्या सावलीत धरायचे. उन्हात हिरवा रंग बदलतो, सकाळी एक दिसतो आणि दुपारी दुसरा, म्हणून पाहणाऱ्याने स्वतः सूर्याच्या आड उभे राहायचे. शक्यतो दर वेळी त्याच माणसाने, दिवसाच्या त्याच सुमारास पाहायचे. म्हणजे ज्ञानात ज्ञात्याचा वाटा असतो हे मान्य करून तो वाटा स्थिर ठेवायचा. प्रमाणशास्त्राच्या भाषेत ही पट्टी उपमानाच्या जवळ जाते. रानात गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो असे ऐकलेला माणूस रानात गेला आणि तसाच प्राणी पाहून 'हाच तो गवय' म्हणाला, त्यातला हा प्रकार.

मिनोल्टा कंपनीचा स्पॅड हा चिमट्यासारखा मापक पानातून पार जाणारा प्रकाश मोजतो आणि आकडा देतो. तो अचूक आहे, पण एका वेळी एकाच पानाचा एक ठिपका पाहतो. संशोधकांच्या तो रोजच्या कामाचा. शेतकऱ्याच्या हाती तो क्वचितच आला.

खरे वळण आले ते प्रकाशीय संवेदकांमुळे. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात विल्यम राउन, मार्विन स्टोन आणि जॉन सोली यांच्या कामातून गव्हासाठी हे उपकरण आकाराला आले आणि ग्रीनसीकर या नावाने बाजारात गेले. हातात धरण्याजोगा संवेदक पिकाच्या वर साधारण दोन ते चार फुटांवर धरून चालायचे. तो स्वतःचा प्रकाश पिकावर टाकतो: एक लाल, सुमारे 660 नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, सुमारे 770 नॅनोमीटरचा. लाल प्रकाश हे पानाचे जेवण. हरितद्रव्य तो गिळून टाकते. अवरक्त पानाच्या कामाचा नाही, तो आतल्या पोकळ पेशीजालावर आपटून परततो. म्हणून भरल्या पोटाचे पीक लाल परत देत नाही आणि अवरक्त भरपूर देते. उपासलेले पीक उलट वागते. दोन्ही परताव्यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज केली की एनडीव्हीआय नावाचा एक आकडा मिळतो. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध एक मॅग्नेशियम आणि त्याला धरून बसलेले चार नत्राचे अणू असतात. त्यामुळे हिरवेपणा आणि नत्र यांचे नाते वरवरचे नाही, ते घडणीतच आहे.

संवेदकाला पाहणाऱ्याच्या सावलीची गरज नाही. तो ढगाळ दिवशीही वाचतो. माणसाचा वाटा त्याने पुसून टाकला, असे वाटण्याचा हा क्षण असतो. तो तसा नाही, हे कळायला पुन्हा त्या जमिनीकडे आणि घड्याकडे जावे लागते.

नैयायिकांनी अभावाचा विचार करताना एक शब्द दिला: प्रतियोगी. अभाव कधी नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो, आणि ज्याचा असतो तो त्याचा प्रतियोगी. ज्याने घडाच कधी पाहिला नाही, त्याला 'घडा नाही' हे कळणे शक्य नाही. त्याला जमीन दिसेल, इतकेच. संवेदकाचेही नेमके असेच आहे. एनडीव्हीआय 0.65 आला. बरे मग? हा आकडा कमी की पुरेसा? या जातीचे, या तारखेला लावलेले, या शेतातले, या पावसातले भात पोटभर जेवले असते तर आकडा किती आला असता, हे माहीत असल्याशिवाय 0.65 मुका आहे.

ओक्लाहोमाच्या संशोधकांनी यावर काढलेला उपाय म्हणजे शेतातच एक नत्रसंपन्न पट्टा ठेवणे. एका चिंचोळ्या पट्ट्यात सुरुवातीलाच इतके नत्र घालायचे की तिथे ते कमी पडणारच नाही. मग बाकीच्या शेताचा आकडा त्या पट्ट्याच्या आकड्याशी ताडायचा. दोन्ही सारखे आले तर शेताला नत्र नको आहे. मातीने, पावसाने, मागच्या पिकाच्या अवशेषांनी काम भागवले आहे. फरक पडला तर फरकाच्या हिशेबाने खत. तो पट्टा म्हणजे जमिनीवर उभा केलेला प्रतियोगीच. दर्शनांच्या पाठशाळेत जे मनात धरायचे, ते इथे पेरलेले असते. एवढी सुंदर गोष्ट शेतीशास्त्राच्या निबंधांत कोरड्या भाषेत पडून राहते, याचे वाईट वाटावे.

याच पट्ट्याने आणखी एक चूक टळते. फिके पान म्हणजे नत्राची कमी, हे अनुमान धुरावरून अग्नी ओळखण्याइतके पक्के नाही. भात जस्ताच्या कमतरतेनेही रंग सोडतो. तराई भागातल्या 'खैरा' रोगाचे कारण जस्ताची उणीव आहे, हे पंतनगरच्या वाय. एल. नेने यांनी 1960 च्या दशकात शोधून काढले. हलक्या रेताड जमिनीत लोहाच्या अभावानेही नवी पाने पिवळी पडतात. अशा शेतात युरिया ओतणे म्हणजे तहानलेल्याला भाकरी वाढणे. पण तिथे नत्रसंपन्न पट्टाही तितकाच पिवळा दिसेल, आणि तो पिवळा पट्टाच सांगेल की कारण दुसरीकडे शोधा. नत्र आहे तिथे हिरवे, नाही तिथे फिके: अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले तरच निदान धरायचे.

वैशेषिकांच्या परंपरेत अभावाचे प्रकारही मोजले आहेत. वस्तू अजून आलेलीच नाही तो प्रागभाव, होती आणि नष्ट झाली तो प्रध्वंसाभाव. शेतात दोन्हींचा रंग एकच असतो. खत घातलेच नाही म्हणून पीक फिके, की घातले होते पण मुसळधार पावसात वाहून गेले म्हणून, हे संवेदक सांगू शकत नाही. ते सांगतो तो माणूस, ज्याला तो पाऊस आठवतो.

आता संवेदकाची मोठी मर्यादा, आणि तिच्या मुळाशी एक धार्मिक वादही आहे. दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांपुढे निरीश्वरवाद्यांचा आक्षेप होता: ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही. उदयनांनी न्यायकुसुमांजलीत दिलेल्या उत्तराचा गाभा असा, की न दिसणे हा पुरावा केव्हा होतो? ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तेव्हाच. दिसण्याची योग्यताच ज्यात नाही, त्याच्या न दिसण्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ईश्वराविषयी हा युक्तिवाद कुणाला पटो न पटो, भाताच्या शेतात तो शब्दशः खरा आहे. लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत ओळींमधून पाणी आणि चिखल दिसत असतात. संवेदकाचा आकडा पिकाचा कमी आणि पाण्याचा जास्त असतो. तेव्हा त्याला प्रश्न विचारू नये. पुढे पीक दाट होऊन पान पानाला झाकू लागले, की आकडा वर जाऊन जवळपास थांबतो. पीक आणखी खात राहिले तरी आकडा फारसा हलत नाही. म्हणून पंजाबातल्या भातावर बिजय सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामात संवेदकाला विचारायची वेळ निवडलेली आहे: सुरुवातीला थोडे नत्र, फुटव्यांच्या भरात आणखी, आणि सुमारे सहा आठवड्यांनी लोंबीचा गर्भ धरत असताना संवेदक पुढे करायचा. त्या खिडकीत पीक बोलते आणि यंत्राला ऐकू येते.

आकडा वर जाऊन थांबतो, यात एक गंभीर गोष्ट दडली आहे. पट्टी काय, स्पॅड काय, संवेदक काय, ही सगळी साधने उणेपणा पाहू शकतात. अतिरेक पाहायला ती जवळजवळ आंधळी आहेत. पोट भरलेले पीक आणि पोट फुटेस्तोवर खाल्लेले पीक दोन्ही गर्द हिरवेच.

जुन्या भाताला अतिरेक सांगता येत असे. उंच जाती, लांब नाजूक काडी. खत जास्त झाले की पीक लोळे. लोळलेले शेत साऱ्या गावाला दिसायचे. 1966 मध्ये फिलिपाइन्सहून आयआर-8 हे बुटके भात आले, आणि आखूड ताठ काडीने नत्राचा भार पेलला. उत्पादन वाढले, दुष्काळाची भीती मागे हटली. त्या भाताचे उपकार विसरता येणार नाहीत. पण त्याच काडीने 'आता पुरे' म्हणण्याचा पिकाचा एक आवाज बराचसा बंद केला. अतिरेक आता शेतात कमी आणि शेताबाहेर जास्त दिसू लागला: विहिरीत, हवेत, आणि शेतात दिसलाच तर कोवळ्या लुसलुशीत पिकावर चढणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांच्या नि पर्णकोष करप्याच्या रूपाने.

यातून जे निघते ते अवघड आहे. 'पुरे' ओळखायचे असेल तर उणेपणाच्या काठावर जाऊन उभे राहावे लागते. पानाच्या पट्टीचा नियम हेच करायला लावतो: फिकेपणा दिसेपर्यंत थांब. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मात्राशितीय नावाचा अध्याय आहे. आहाराची मात्रा खाणाऱ्याच्या अग्नीच्या बळावर ठरते, असा त्याचा आधार आहे. वैद्य भूक लागण्याची वाट पाहायला सांगतो. रोग्याला ते कळते, कारण भूक त्याला स्वतःला लागते. शेतकऱ्याला दुसऱ्याच्या भुकेची वाट पाहायची असते, आणि तो दुसरा बोलत नाही.

म्हणून एकरी तिसरी गोणी टाकणाऱ्याला लोभी म्हणणे हा अन्याय आहे. 45 किलोची गोणी गेली अनेक वर्षे त्याला सुमारे 266 रुपयांत मिळते, कारण उरलेला खर्च सरकार उचलते. एवढ्या पैशात मनाची शांती मिळत असेल, तर कर्ज काढून कसणारा, दुसऱ्याची जमीन खंडाने घेणारा माणूस ती का विकत घेणार नाही? शेजाऱ्याचे शेत गर्द आणि आपले पोपटी, हे बांधावर रोज पाहणे सोपे नसते. अतिरेकाच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती असते, आणि भीतीला एनडीव्हीआय नाही. जैन श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहाचे परिमाण स्वतः ठरवायचे असते. तिथे मर्यादा ही आतून घेतलेली शपथ आहे. उपकरण बाहेरून मर्यादा दाखवते. दाखवलेली मर्यादा घेतलेली होत नाही, तोवर आकडा नुसता आकडा राहतो. धोरण आखणाऱ्यांनी संवेदक वाटण्याआधी याचा विचार करायला हवा: थांबलेल्या शेतकऱ्याचे पीक कमी आले, तर तो तोटा कुणी सोसायचा? ज्ञान एकाने द्यायचे आणि जोखीम दुसऱ्याने उचलायची, ही वाटणी न्यायाची नाही.

किती आणि कसे द्यायचे, या मूळ प्रश्नाला कोकणाने एक वेगळे उत्तर दिले आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत भाताचा पेंढा किंवा तुसाची राख खाचरात परत जाते, गिरिपुष्पाचा पाला गाडला जातो, 15 आणि 25 सेंटिमीटरचे अंतर आलटून पालटून लावणी होते, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक ब्रिकेट हाताने चिखलात खोल खोचली जाते. हेक्टरी 62,500 ब्रिकेट, म्हणजे जेमतेम 170 किलो. खत चिखलाच्या आत असल्यामुळे ते पाण्याबरोबर वाहून जात नाही, उडूनही फारसे जात नाही. मुळे हळूहळू घेत राहतात. इथे मधूनमधून विचारपूस नाही. मात्रा एकदाच ठरते, गाडली जाते आणि मागे घेता येत नाही. कोसळत्या पावसात, लहान लहान खाचरांत, जिथे वर फेकलेले खत संध्याकाळपर्यंत ओढ्याला मिळते, तिथे हे शहाणपणाचे आहे. पंजाबच्या सपाट, पाटपाण्याच्या शेतात पिकाला मधेच विचारणे शहाणपणाचे ठरते. एक रीत वाढताना बेतात वाढणारी, दुसरी पंगतीत फिरून 'हवे का' विचारणारी. दोन्हींत जेवणाऱ्याचा मान आहे. ज्यात तो नाही, ती रीत म्हणजे न पाहता, न विचारता ताटात ओतत राहणे.

नॉर्मन बोरलॉग 12 सप्टेंबर 2009 रोजी वारले. बुटक्या गव्हाला नत्र पचवायला शिकवणारा हा माणूस. त्यांच्या अखेरच्या दिवसांत एका शास्त्रज्ञाने त्यांना नत्र ओळखणाऱ्या नव्या साधनाविषयी सांगितले, आणि ते शेतकऱ्यापर्यंत न्या, एवढेच ते म्हणाले, असे सांगतात.

शेतकऱ्यापर्यंत महागडा संवेदक अजून थोडाच पोचला आहे. प्लास्टिकची पट्टी जास्त पोचली. ऑगस्टच्या सकाळी पोटरीएवढ्या पाण्यात उभा राहून कुणीतरी सूर्याकडे पाठ करतो, वाकतो, आपल्या सावलीत पान धरतो. एक फिके. दुसरे चौथ्या छटेला जुळते. तिसरे जुळते. असे करत दहा पुरी होतात, आणि त्यांतली पाच फिकी निघतात. सहा नाहीत, पाच. बांधावर गोणी आणून ठेवलेली आहे, तोंड अजून शिवलेले. शेजारचे शेत गर्द आहे. तो पट्टी खिशात घालतो, गोणी खांद्यावर घेतो आणि पुढच्या आठवड्याचा वार मोजत घराकडे वळतो.